मर्यादास्वीकार (ख्रिस्ती)

मानवी आयुष्याच्या व सामर्थ्याच्या सीमा ईश्वराधीन मानून, त्यांच्या आत राहून आपले विहित कार्य निष्ठेने पार पाडण्याची ख्रिस्ती वृत्ती. जुन्या करारातील उपदेशकाचा ग्रंथ प्रत्येक गोष्टीस नेमलेला समय असतो असे सांगतो, आणि ईयोबाचा ग्रंथ निरपराध मनुष्यास, त्याच्या दुःखाचे कारण न सांगताच, सृष्टिकर्त्याच्या सन्मुख उभे करतो. नव्या करारात प्रेषित पौल, शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून आपण त्रिवार केलेली प्रार्थना मान्य न होता ईश्वरी कृपाच पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले, असे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय 12) नमूद करतो. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी करून मगच पित्याची इच्छा शिरोधार्य मानली. सबब विलापास व याचनेस या श्रद्धेत मज्जाव नाही.

महाराष्ट्रात या वृत्तीचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे होय. वैद्यकाच्या अभ्यासासाठी 1883 मध्ये इंग्लंडला गेलेल्या व तेथेच बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंचा तो मार्ग श्रवणदोषामुळे खुंटला, तेव्हा त्या अध्यापनाकडे वळल्या; पुढे मुंबईत शारदा सदन (1889) व केडगावी मुक्ती सदन त्यांनी उभारले. केडगावी त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे आश्रमाच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच जुळवीत. एकुलती कन्या मनोरमा 1921 मध्ये निवर्तल्यावरही, स्वतःच्या मृत्यूपूर्वी (5 एप्रिल 1922) त्यांनी ते काम तडीस नेले. त्याचप्रमाणे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या निधनाने (1919) अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पूर्ण केले.

मनुष्यांनी मनुष्यांवर लादलेली बंधने मात्र या तत्त्वाच्या कक्षेत येत नाहीत. निजामी मुलखात जालन्यानजीक, 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत वसविली, ती जातिव्यवस्थेने तळाशी ढकललेल्या कुटुंबांना आसरा मिळावा म्हणून. देहाची, काळाची व मृत्यूची सीमा नम्रपणे स्वीकारावी, अन्यायाची सीमा स्वीकारू नये, हाच या शिकवणुकीचा यथार्थ अन्वय होय.