तिकिटाच्या खिडकीवरची सरहद्द

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, बोर्ली पंचतन या पट्ट्यात ज्यांचा कोणी ना कोणी आखातात नाही, अशी घरे थोडीच सापडतील. या घरांतून विमानतळाच्या हकिकती पुष्कळ ऐकायला मिळतात. कुणाचा व्हिसा संगणकावर दिसला नाही, कुणाच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरली होती, कुणाच्या तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळेना. ‘इमिग्रेशनवाल्यांनी परत पाठवलं’ असे सांगितले जाते. खोदून विचारले तर बहुतेक वेळा कळते की माणूस इमिग्रेशनपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्याला सामान वजन करायच्या काउंटरवरच अडवले होते, आणि अडवणारा सरकारी अंमलदार नव्हता, विमान कंपनीचा पगारी नोकर होता.

एका खासगी कंपनीच्या नोकराने दुसऱ्या मुलखाचा पहारा का करावा? या प्रश्नाचे उत्तर विमानाच्या जन्माआधीचे आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबई बंदराला बांधलेला आहे.

१८९६च्या नोव्हेंबरअखेरीस मुंबईहून दोन आगबोटी नाताळकडे निघाल्या. ‘कुरलँड’ ही दादा अब्दुल्ला आणि कंपनीची होती, तर ‘नादेरी’ मुंबईच्या पर्शियन स्टीम नेव्हिगेशन कंपनीची. कुरलँडवर मोहनदास गांधी पत्नी-मुलांसह होते. दोन्ही बोटींवर मिळून सुमारे आठशे उतारू होते. १८ डिसेंबरला बोटी दरबानला लागल्या, पण मुंबईतल्या प्लेगचे निमित्त करून उतारूंना १३ जानेवारी १८९७पर्यंत उतरू दिले नाही. किनाऱ्यावर गोऱ्यांचा जमाव जमला होता आणि उतरल्यावर गांधींना मार पडला. हा भाग आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले ते मात्र पुस्तकात नसते.

त्याच वर्षी नाताळ सरकारने कायदा केला. हिंदी माणसाचे नाव न घेता हिंदी माणसाला रोखणारा असा तो चतुर कायदा होता. येणाऱ्याला कोणत्याही एका युरोपी भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी त्यात अट होती. म्हणजे कुराण अस्खलित वाचणारा, उर्दूत खतपत्र करणारा, मोडीत हिशेब मांडणारा आमचा कोकणी माणूस कायद्याच्या लेखी अनपढ ठरला. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या मला या कलमाचा राग इतर कलमांपेक्षा जास्त येतो.

पण खरी कळ दुसऱ्याच कलमात होती. मनाई असलेला माणूस बोटीवरून उतरला तर बोटीच्या कप्तानाला आणि मालकाला किमान शंभर पौंड दंड, आणि तो पाच हजार पौंडांपर्यंत वाढवता येत असे. परिणाम व्हायचा तोच झाला. दरबानला पकडले जाण्याची वाट कोण पाहील? कागद नसेल त्याला बोट कंपन्या इकडेच नकार देऊ लागल्या. नाताळची सरहद्द हजारो मैल सरकून मुंबईतल्या तिकिटाच्या खिडकीवर आली.

केप कॉलनीनेही १९०२ साली असाच कायदा केला. केपटाऊनच्या कोकणी मुसलमानांचे वाडवडील आपल्याच रायगड-रत्नागिरीतल्या गावांतून गेलेले. माणगाव तालुक्यातल्या मोर्ब्याचे नाव तिथे आजही घेतले जाते. १९०६च्या कायद्यानंतर त्यांना गावी यायचे तर आधी परवाना काढावा लागे. त्याची मुदत टळली की परतीचा हक्क गेला. आईच्या आजारपणात चार महिने जास्त राहिलेल्याचे काय झाले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

हाजी लोकांनाही असे कागद चुकले नाहीत. १९२५च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा त्याची रक्कम आधी जमा केल्याशिवाय हजच्या बोटीत पाय ठेवता येईना. यात मात्र लोकांचे थोडे हितही होते, कारण जिद्दाला पैसे संपून अडकून पडणाऱ्या गरीब यात्रेकरूंचे हाल फार होत.

स्वतंत्र भारतातला एक निकाल येथे सांगण्यासारखा आहे. १९६७पर्यंत देशाबाहेर जाण्यासाठी पासपोर्ट पाहिजेच, असे आपल्या कोणत्याही कायद्यात थेट लिहिलेले नव्हते. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. पासपोर्टशिवाय कोणतीही बोट किंवा विमान कंपनी माणसाला नेत नाही, म्हणजे पासपोर्ट नाकारणे हे प्रवासच नाकारणे होय, हे न्यायालयाने ओळखले. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. सरकारच्या मर्जीला लगाम बसला. कंपनीच्या खिडकीला तो बसला नाही.

मुंबई-आखात फेऱ्या करणारी ‘द्वारका’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट १९८२ साली बंद झाली. तोवर आमचा माणूस विमानात बसू लागला होता. बोटींचा नियम विमानांनी जसाच्या तसा उचलला. १९४४च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात प्रवाशाचे कागद पाहून घेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर टाकलेली आहे. ब्रिटनने १९८७ साली कागदाविना आणलेल्या दर प्रवाशामागे एक हजार पौंड दंड बसवला आणि १९९१ साली तो दुप्पट केला. वर त्या माणसाला परत नेण्याचा भारही कंपनीवरच. काउंटरवरचा पोरगा ‘टिमॅटिक’ या यंत्रणेत पाहतो, आणि ती नाही म्हणाली की तोही नाही म्हणतो. अधिकाऱ्याच्या हुकमाविरुद्ध दाद मागता येते. विमान सुटायला तासभर उरला असताना या ‘नाही’विरुद्ध जायचे कुठे?

आखाताच्या वाटेवर याची आणखी एक पायरी होती. व्हिसा तिकडच्या विमानतळावर जमा झाला असल्याची खात्री विमान कंपनीला मिळे, मगच ‘ओके टू बोर्ड’. हे तीन इंग्रजी शब्द कोकणातल्या निरक्षर आजीलाही पाठ होते.

आपल्याकडच्या १९८३च्या उत्प्रवासन कायद्याने पासपोर्टवर ईसीआरचा शिक्काही आणला. दहावी पास असेल तो आज यातून सुटतो. नापास असेल त्याला सौदी, कुवेत, कतार यांसारख्या देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी काढावी लागते. नियम मजुराच्या संरक्षणासाठी आहे आणि फसवणुकीचे प्रकार पाहता तो अगदीच गैर म्हणवत नाही. तरी नववीतून शाळा सोडू पाहणाऱ्या पोराला मी हाच शिक्का समजावून सांगतो. इतिहासाच्या तासाला न बसणारा पोरगाही हे कान देऊन ऐकतो.

नोव्हेंबर २०२२मध्ये अमिरातींनी नवा नियम काढला. पासपोर्टवर नाव आणि आडनाव अशा दोन रकान्यांपैकी एकच भरलेला असेल, तर भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. एअर इंडियाने लगेच परिपत्रक काढले. काही दिवसांतच, दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर व्हिसा ऑन अरायव्हलवाल्यांना चालेल, असा खुलासा आला. पण आडनाव न लावण्याची रीत असलेल्या घरांत घबराट व्हायची ती झालीच. पासपोर्टवरचे नाव बहुधा शाळेच्या दाखल्यावरून येते, आणि दाखला जनरल रजिस्टरवरून. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाच्या बापाला मी आता विचारतो, मोहंमद की मोहम्मद, आडनाव लिहायचे की नाही, इंग्रजी स्पेलिंग काय. ‘लिहा ना गुरुजी, काय पण लिहा,’ असे तो म्हणतो. मी त्याला बसवून घेतो आणि आजोबांचा जुना पासपोर्ट घरी असेल तर घेऊन यायला सांगतो.