शिक्षकांचा छापखाना

वार्षिकांकासाठी संगणक व मुद्रणयंत्र घेण्याचा विषय निघाला की, ‘हा खर्च शिक्षणाचा कसा?’ असे हटकून विचारले जाते. पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या मंडळींना हा प्रश्न पडला नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकर तर सरकारी नोकरी सोडून आलेले. भांडवल कोठून असणार? तरीही या शिक्षकांनी जुना छापखाना हप्त्यांनी घेतला, त्यास ‘आर्यभूषण’ नाव दिले आणि टाइपांच्या पेट्या स्वतः वाहून मोरोबादादांच्या वाड्यात नेल्या. हमालीचे पैसे वाचले, हेही त्या काळी थोडे नव्हते! २ जानेवारी १८८१ रोजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारीस ‘केसरी’ निघाला.

आम्हां झाशीकरांना तर छापील अक्षराचे मोल अधिक कळावे. १८५८ मध्ये येथील राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नष्ट झाला. त्या दिवसांचे साक्षीदार गोडसे भटजी यांचा ‘माझा प्रवास’ वाचकांच्या हाती पडला तो १९०७ साली.

आपल्या विद्यार्थ्यांची साठ वर्षांतील हस्तलिखिते कपाटात आहेत. काहींना कसर लागली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून आधी स्कॅनर घ्यावा, मुद्रणयंत्र पुढल्या वर्षी, असे माझे मत आहे.