पाण्याची खूण आणि घराचं जोतं

पावसाळा सरला की महाड-पोलादपूरकडे घरं दुरुस्तीला निघतात. गटातून कर्ज उचललं जातं, फरशी बदलते, भिंतींना रंग लागतो. हे कर्ज पुढच्या पुरात वाहून जाऊ नये, म्हणून आज आपण आपल्या पाण्याचा इतिहास बघू.

महाड मोठं झालं ते पाण्यामुळेच. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, महाडच्या परिसरात तिला गांधारी आणि काळ नदी मिळतात, आणि बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला जाते. जुन्या काळी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर खाली यायचा आणि दासगाव-महाडला गलबतांत चढायचा. म्हणून बाजारपेठ नदीकाठी वसली. १८६६ साली इथे नगरपालिकाही आली. त्याच्या कितीतरी शतकं आधी गांधारपाल्याची लेणी कोरणाऱ्यांनी मात्र डोंगराचा आधार घेतला होता.

गलबतांना वर आणणारी भरतीच पुराच्या वेळी आपली वाट अडवते. वरून डोंगराचा लोंढा येतो, खालून उधाणाचं पाणी त्याला थोपवतं, आणि मधल्या सखल गावात फुगवटा येतो. पात्रात गाळ साचला असेल तर पाणी आणखी लवकर पसरतं.

जुन्या घरांत या पाण्याची आठवण होती. चार पायऱ्या चढून ओटीवर जायचं, इतकं जोतं उंच. घरात माळा, आणि माळ्यावर धान्य, बियाणं, कागदपत्रं. पुढे रस्त्यांवर भराव पडत गेले आणि जुनी घरं रस्त्याच्या मानाने खाली गेली. स्लॅबची घरं आली, आणि माळा अडगळ म्हणून निघाला.

मग पाण्यानेच आठवण करून दिली. जुलै २००५ मध्ये महाड बुडालं. त्याच पावसात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून महाड तालुक्यात दीडशेहून अधिक माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. २२ जुलैला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली.

म्हणजे खाली राहावं तर पूर, आणि वर जावं तर दरड. म्हणून "घर उचलून डोंगराकडे न्या" हा सल्ला आपल्याकडे सरसकट चालत नाही. वरची जागा घ्यायची तर आधी उतार तपासून घ्यायला हवा. जिला खालीच राहायचं आहे, तिने पूररेषा समजून घ्यायला हवी.

जलसंपदा विभाग अशा दोन रेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. याचा अर्थ शंभर वर्षं निर्धास्त राहावं असा नाही. तेवढं पाणी कुठल्याही वर्षी येऊ शकतं. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे नवं घर बांधता येत नाही. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीनुसार तिथलं जुनं अधिकृत घर पुन्हा बांधता येतं, पण विभागाचा ना हरकत दाखला लागतो, आणि जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीड फूट, वर ठेवावं लागतं. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथेही जोत्याची अट हीच. नियमात "अधिकृत" हा शब्द फार मोलाचा आहे. घराची नोंद आणि परवानगीचे कागद हाताशी नसताना जुनी भिंत पाडायची घाई करू नये. पाडलेलं घर पुन्हा उभं करणं अवघड होऊन बसतं.

मग पैसे कुठे घालायचे? आधी जोत्यात, नंतर फरशीत. विजेचा मीटर, बोर्ड आणि बटणं पुराच्या खुणेच्या वर घ्यावीत. खालच्या भागात प्लायवूड आणि पीओपी टाळावं, ते पाण्याने फुगतं, सुटतं. त्याजागी चिरा, सिमेंट, लोखंड, साधी फरशी बरी. ओली भिंत पुरती वाळल्याशिवाय गिलावा आणि रंग करू नये, नाहीतर आत ओल कोंडते आणि पापुद्रे निघतात. माळा पुन्हा बांधावा आणि घराचे कागद, बँकेचं पासबुक, औषधं वर ठेवावीत.

घरात पाणी शिरलं की चिखल उपसते ती बाई, आणि ओल्या चुलीवर पेज शिजवते तीही बाईच. पण दुरुस्तीत काय आधी करायचं, हे ठरवताना तिला विचारतात का? पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या भिंतीवर २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते मोजून सांगावं आणि वहीत लिहावं. घरात रंगारी येईल तेव्हा त्या खुणेवर रंग मारू देऊ नका. नातसुनेलाही ती दिसली पाहिजे.