पदच्युत, बडतर्फ, बरखास्त : अधिकार काढून घेण्याचे शब्द

एखाद्याच्या हातून सत्ता, पद किंवा मालमत्ता काढून घेण्यात आली की मराठी वार्तापत्रांत पदच्युती, बडतर्फी, निलंबन, बरखास्ती, हकालपट्टी असे शब्द येतात. ऐकणाऱ्याला ते समानार्थी वाटतात. प्रत्यक्षात काय काढून घेतले आणि ते परत मिळू शकते का, हे बरेचदा त्या एका शब्दावरच ठरते.

सातारा संस्थानाच्या इतिहासात हा भेद स्पष्ट दिसतो. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविले. गादी मात्र राहिली आणि तिच्यावर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना बसविण्यात आले. 1848 मध्ये अप्पासाहेबांचे निधन झाले, तेव्हा दत्तकास मान्यता नाकारून डलहौसीने संस्थान खालसा केले. पदच्युतीत राजा गेला होता. खालसा होण्यात गादीच गेली. खालसा या शब्दाचा मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ असा आहे. ज्या जमिनीवर मधला कोणी धनी नाही, जी थेट सरकारची, ती खालसा. झाशी आणि नागपूर या राज्यांच्या वाट्याला हाच शब्द आला. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड 1875 मध्ये पदच्युत झाले, पण बडोदे खालसा झाले नाही. म्हणूनच दत्तक आलेल्या सयाजीरावांना पुढे तेथे राज्य करता आले.

बडतर्फ हा शब्द फारसी 'बरतरफ', म्हणजे बाजूला, यावरून आला. सरकारी नोकरीत त्याला काटेकोर अर्थ आहे. राज्यघटनेचे 311 वे कलम बडतर्फ करणे, पदावरून काढून टाकणे आणि पदावनत करणे या तीन शिक्षा वेगवेगळ्या मानते. पहिल्या दोन्हींत नोकरी जाते. परंतु काढून टाकलेल्यास पुन्हा सरकारी सेवेत येण्याची वाट मोकळी असते, बडतर्फ झालेल्यास ती सामान्यतः बंद होते. निलंबन ही तर शिक्षाच नव्हे. चौकशी चालू असेपर्यंत कर्मचारी कामापासून दूर राहतो, त्याला निर्वाह भत्ता मिळतो आणि सेवेशी असलेले त्याचे नाते तुटत नाही. तरीही निलंबित कर्मचाऱ्याचा उल्लेख 'बडतर्फ' असा होताना आढळतो. दोषी न ठरलेल्या माणसावर हा अन्यायच आहे.

महाभियोग हा शब्दही असाच सैल वापरला जातो. घटनेत तो केवळ राष्ट्रपतींसाठी, 61 व्या कलमात आहे. सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांबाबत घटना 'पदावरून दूर करणे' एवढेच म्हणते आणि त्यासाठी गैरवर्तन किंवा असमर्थता शाबीत व्हावी लागते. 1993 मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या प्रस्तावास लोकसभेत 196 मते मिळाली, विरोधात एकही मत पडले नाही; पण 205 सदस्य तटस्थ राहिल्याने तो फेटाळला गेला. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव 2011 मध्ये राज्यसभेने संमत केला. लोकसभेत तो येण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे ते पदावरून दूर झाले, केले गेले नाहीत.

सरकारांच्या बाबतीत शब्द बदलतात. 17 एप्रिल 1999 रोजी अटलबिहारी वाजपेयी सरकारने विश्वासदर्शक ठराव 269 विरुद्ध 270 असा एका मताने गमावला; ते सरकार पायउतार झाले असे म्हणावे, बरखास्त झाले असे नव्हे. बरखास्ती वरून येते. फारसीत 'बरखास्तन' म्हणजे उठणे, त्यामुळे दरबार किंवा सभा बरखास्त होई. फेब्रुवारी 1980 मध्ये महाराष्ट्रातील शरद पवार सरकार 356 व्या कलमाखाली बरखास्त झाले. 1994 च्या बोम्मई निकालाने अशा बरखास्तीला न्यायालयीन तपासणीची अट घातली. त्याच वाटेने 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील नबाम तुकी यांचे सरकार पुन्हा सत्तेवर आणले.

उचलबांगडी आणि हकालपट्टी हे शब्द रंगतदार खरे, पण त्यांना कायद्यात स्थान नाही. पक्षातून काढलेल्या नेत्याला हकालपट्टी शोभते. साध्या बदलीलाही उचलबांगडी म्हटले जाते, आणि मग वाचकाला त्या अधिकाऱ्याची नोकरी गेली की नुसते गाव बदलले, हे बातमीच्या शेवटच्या ओळीपर्यंत शोधावे लागते.