स्वतःलाच खाणारी पेशी

खारघरला ‘अ‍ॅक्ट्रेक’वरून जाताना मला कमल रणदिवे आठवतात. या संस्थेचे मूळ परळचे. १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली तिथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले आणि देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा कमलताईंनी तिथेच उभारली. पेशी शरीराबाहेर, काचेच्या बशीत जगवता येते, म्हणून तर औषधाने ती कशी मरते हेही पाहता येते.

१९६३ मध्ये ख्रिश्चन द दुव यांनी ‘ऑटोफॅजी’ हा शब्द दिला : पेशीने स्वतःचेच भाग पचवणे. उपासमारीत पेशी अशीच तगते. घरातले लाकूडसामान चुलीत घालून पावसाळा काढावा तशी. काही औषधे ही चूल इतकी भडकवतात, की घरच उरत नाही. हळदीतल्या कुरक्युमिननेही मेंदूच्या अर्बुदाच्या पेशी प्रयोगशाळेत अशाच मारल्याचा शोधनिबंध २००७ साली आला. (हळद म्हटले की आपली छाती जरा फुगतेच!) पण हीच युक्ती कर्करोगाच्या पेशीला औषधाच्या माऱ्यातून वाचवतेही. म्हणून मलेरियावरच्या क्लोरोक्विनने ती रोखून पाहण्याचेही प्रयोग झाले. चूल भडकवायची की विझवायची, हे अजून अर्बुदागणिक ठरवावे लागते.