मायेत कोण फसले?

येडशीच्या घाटात, रामलिंगाच्या देवळाशी, पाहुण्यांना जटायूची समाधी दाखवतात. सीतेला नेणाऱ्या रावणाशी तो इथेच झुंजला, अशी आमच्याकडची श्रद्धा. सीताहरणाच्या मुळाशी मात्र एक हरीण आहे. मारीचाच्या त्या मायेला प्रत्यक्ष राम भुलला आणि कथेने त्याची ती भूल झाकली नाही. मराठी पडद्यावरची मायावी दुनिया पाहताना हाच प्रश्न मी हाताशी धरतो : मायेत फसले कोण?

ही दुनिया पडद्यावर आणणारा माणूस स्वतः जादूगार होता. दादासाहेब फाळके आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. कॅमेरा थांबवायचा, पात्र बाजूला करायचे, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, की पडद्यावरचा माणूस गुप्त! ‘लंकादहन’मध्ये (१९१७) त्यांनी अण्णा साळुंके या एकाच नटाला राम आणि सीता केले, ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) त्यांची चिमुकली मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाशी झुंजली. फाळक्यांच्या जादूत फसतो तो प्रेक्षक, आणि तोही राजीखुशीने.

‘प्रभात’च्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये (१९३२) प्रश्न अवघड होतो. कोल्हापुरात तयार झालेला हा व्ही. शांताराम यांचा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्र, मास्टर विनायक गोरख आणि दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी. पुरुषांचा द्वेष करणाऱ्या या राणीने चित्ता पाळलेला! गुरू तिच्या राज्यात रमलेला पाहून गोरख कासावीस होतो, त्याला सोडवायला धावतो. शेवटी कळते, की हे सारे गुरूनेच शिष्यासाठी रचलेले मायाजाल होते. मच्छिंद्र ढळलाच नव्हता.

श्रावणात आमच्याकडे ‘नवनाथ भक्तिसार’ लावतात. धुंडीसुत मालूने १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या या ४० अध्यायांच्या पोथीतला मच्छिंद्र खरोखरच स्त्रीराज्यात संसार करतो. त्याला मीननाथ हा मुलगा होतो. कलिंगा नायकिणीच्या ताफ्यात मृदंग वाजवणारा म्हणून गोरख आत शिरतो. त्याच्या थापेतून बोल उमटतात आणि गुरू दचकतो. परतीच्या वाटेवरही मच्छिंद्राच्या झोळीत सोन्याची वीट असते. तीही गोरखालाच फेकून द्यावी लागते.

म्हणजे पोथीत गुरू चुकतो आणि शिष्य त्याला बाहेर काढतो. बोलपटात गुरू अढळ राहतो, फसतो तो शिष्य. कथेची ही उलथापालथ मला पडद्यावरच्या कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते. जिथे सगळेच भासमान, तिथे कोणाचीच चूक खरी ठरत नाही. गुरूचा मान राखला जातो. पण गोरखाने जिवाच्या आकांताने केलेली धडपड मात्र परीक्षेतला एक धडा होऊन बसते. ज्या पोथीपुढे लोक हात जोडून बसतात, तीच गुरूचे पाऊल घसरलेले सांगण्याचे धैर्य दाखवते, हे विशेष.

तरीही ‘माया मच्छिंद्र’ पाहावाच. ते अनोखे राज्य, राणीचा तो तोरा आणि कोवळ्या गोरखाची तगमग आजही धरून ठेवते. विनंती एवढीच, की आधी पोथीतले स्त्रीराज्याचे अध्याय वाचावेत आणि मग पडद्यापुढे बसावे. शेवटी ‘ही सारी माया’ असा उलगडा झाला, की गोरखाच्या चेहऱ्याकडे बघावे. सुटका झाली ती कोणाची, हा प्रश्न मनात राहतो.

आमच्या घाटातल्या समाधीपुढे उभा राहिलो, की मला तो बोलपट हमखास आठवतो. कांचनमृग खोटा होता. जटायूचे तुटलेले पंख तेवढे खरे.