सहा सेंटांची कालवे



इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोते लढाया, तह आणि राजे यांची अपेक्षा करतात. आज मी आपणापुढे एका शिंपल्याचा इतिहास ठेवणार आहे. कालव हा काही आपल्याला परका जीव नाही. कोकणात ओहोटीला खडक उघडे पडले की बायका लोखंडी हत्याराने कालवे फोडून काढतात, आणि घरी त्यांची आमटी होते. पण पाण्यातून काढलेले कालव तसेच कच्चे खावे, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. न्यूयॉर्क शहरात मात्र एकोणिसाव्या शतकात हमालापासून सावकारापर्यंत सारे जण ती खात असत. हे गरिबाचे खाणे होते. ते गरिबाच्या हातून कसे गेले, एवढाच आजचा विषय आहे.

आधी खाण्याची रीत सांगतो. कालव डाव्या हातात घट्ट धरायचे, दोन शिंपा जिथे जुळतात त्या बिजागरीत आखूड, जाड सुरी खुपसून पिळायची, आणि शिंपा मिटून धरणारा स्नायू कापायचा. आतले खारे पाणी सांडू द्यायचे नाही, कारण अर्धी चव त्या पाण्यात असते. वर लिंबाचे किंवा शिरक्याचे दोन थेंब, थोडी मिरपूड, आणि सगळे एका घोटात तोंडात. ज्या खाडीत कालव वाढले, तिच्या पाण्याची चव त्याला असते. जाणकार माणूस नुसत्या चवीवरून खाडी ओळखतो. कालव उघडेपर्यंत जिवंत असावे लागते, मेलेले कालव खाणे धोक्याचे. म्हणून कच्चे कालव खाणारा माणूस दोन गोष्टींवर भरवसा टाकतो : ज्याने ते काढून आणले त्याच्या हातावर, आणि ज्या पाण्यात ते वाढले त्या पाण्यावर. पुढची सारी हकीकत या दोन भरवशांची आहे.

न्यूयॉर्कचे बंदर म्हणजे नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांचा संगम. अशा मचूळ पाण्यात कालव जोमाने वाढते. तिथले मूळ रहिवासी लेनापे लोक हजारो वर्षे ती खात आले, आणि त्यांनी टाकलेल्या शिंपांचे ढीग किनाऱ्यावर साचले होते. सतराव्या शतकात डच आले. किनाऱ्यालगतच्या एका रस्त्याला त्यांनी या शिंपांवरूनच मोत्यांचा रस्ता असे नाव दिले, आणि तो आजही पर्ल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. परदेशांतून आलेली लाखो माणसे १८९२ पासून ज्या एलिस बेटावर उतरली, त्याला डच लोक कालवांचे लहान बेट म्हणत. शिंपा भाजून चुना करीत आणि त्या चुन्यावर घरे उभी राहत.

एवढी समृद्धी असली तरी ओरबाडायला माणूस कमी पडत नाही. अंडी घालण्याच्या हंगामात कालवे काढू नयेत म्हणून १७१५ सालीच कायदा करावा लागला. तरीही १८२० च्या सुमारास स्टेटन बेटाजवळचे नैसर्गिक थर संपत आले. मग चेसापीक उपसागरातून गलबते भरभरून लहान कालवे आणायची, ती इथल्या तळाशी पेरायची आणि मोठी झाली की काढायची, अशी शेतीच सुरू झाली.

या शेतीवर राबणारे हात कोणाचे होते? स्टेटन बेटावर सँडी ग्राउंड नावाची वस्ती आहे. मेरीलंडच्या किनाऱ्यावरचे स्वतंत्र काळे दर्यावर्दी तिकडच्या जाचक कायद्यांना कंटाळून १८३० नंतर इथे येऊन वसले. लांब दांड्यांच्या दाताळ्याने होडीतून तळ खरवडायचा आणि कालवांचा भार वर ओढायचा, हे त्यांचे काम. हंगाम थंडीचा, म्हणजे हात गारठवणाऱ्या पाण्याचा. पण या कष्टांतून त्यांनी स्वतःची घरे बांधली आणि स्वतःचे देऊळ उभारले. धक्क्यावर कालवे उघडणाऱ्यांची मजुरी पुष्कळदा कामाच्या मापावर असे. जितकी उघडाल तितके पैसे. असा दर ज्यांनी जन्मभर भोगला आहे, त्यांना त्या बोटांवरच्या सुरीच्या जखमांविषयी मी अधिक सांगायला नको.

शहरात जागोजाग तळघरांतून कालवांची दुकाने असत. दारावर लाल कापडाचा गोल कंदील लोंबे, तीच त्यांची खूण. कॅनॉल स्ट्रीटवरच्या दुकानांत सहा सेंट टाकले की पोटभर कालवे मिळत. कोणी फारच हात मारू लागला, तर दुकानदार त्याच्या ताटात एखादे बिघडलेले कालव सरकवी, अशी त्या काळची थट्टा आहे. थट्टा सोडून द्या. दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला चार पैशांत ताजे, पौष्टिक आणि चवदार अन्न मिळत होते, ही लहान गोष्ट नव्हे.

या धंद्यातला सर्वांत नामांकित माणूस म्हणजे टॉमस डाउनिंग. जन्म १७९१, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर. आईबाप गुलामीतून सुटलेले. लहानपणापासून कालवे काढण्यात वाढलेला हा काळा माणूस १८१९ साली न्यूयॉर्कला आला आणि १८२५ मध्ये त्याने ब्रॉड स्ट्रीटवर आपले कालवगृह काढले. त्या राज्यातली गुलामगिरी त्यानंतर दोन वर्षांनी, १८२७ साली संपली, हे ध्यानात घ्या. त्याच्याकडे सावकार, व्यापारी आणि पुढारी जेवायला येत. पहाटेच्या अंधारात तो होडी वल्हवीत येणाऱ्या गलबतांना गाठी आणि उत्तम माल तिथेच घेई. नंतर धक्क्यावरच्या लिलावात तो उरलेल्या मालाची बोली चढवी, म्हणजे गलबतवाल्यांना चांगला भाव मिळे. त्याच्या मुलानेच ही हकीकत लिहून ठेवली आहे. माल काढणाऱ्याचे पोट भरले तरच आपले ताट भरेल, हे त्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते.

वर धनिक गोरे कालवे चाखीत असता, त्याच घराच्या तळघरात दक्षिणेकडून पळून आलेले गुलाम लपवलेले असत. डाउनिंगचा मुलगा जॉर्ज हे काम पाही. काळ्या मुलांच्या शाळांसाठी आणि समान मताधिकारासाठी बापलेक झगडले. काळ्यांना नागरिकत्व देणारा कायदा ९ एप्रिल १८६६ रोजी मंजूर झाला. दुसऱ्याच दिवशी टॉमस डाउनिंग वारला. शहराच्या व्यापारी मंडळाने त्याच्या सन्मानार्थ आपले कामकाज बंद ठेवले.

हात असे भरवशाचे होते. पाण्याचे तसे राहिले नाही. १८३२ च्या पटकीने शहर हादरले होते. १८४२ साली क्रोटन नदीचे स्वच्छ पाणी कालव्याने शहरात आले. हे काम थोर होते, त्याने असंख्य जीव वाचवले. पण घरात आलेले पाणी बाहेर कुठे जाणार, याचा विचार त्या तोलाने झाला नाही. पाण्याचे संडास आले, गटारे आली, आणि सारा मैला बंदरात जाऊ लागला. १९१० च्या सुमारास दररोज सुमारे ६० कोटी गॅलन सांडपाणी शुद्ध न करता बंदरात सोडले जात होते.

कालव बिचारे एकच काम जाणते : पाणी आत घ्यायचे, त्यातले अन्न गाळायचे आणि पाणी सोडायचे. मोठे कालव दिवसाला ५० गॅलनपर्यंत पाणी गाळू शकते. मैल्याच्या पाण्यात हाच त्याचा गुण घातक ठरला, कारण मैल्यातले रोगजंतूही त्याच्या पोटात साठू लागले. शिजवले तर त्यातले बहुतेक मरतात, पण कच्चे खाल्ले तर रोग सरळ पोटात. विषमज्वराचा संबंध कालवांशी लागला. १९२१ मध्ये जमैका उपसागरातला धंदा बंद झाला. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन येथे दूषित कालवांमुळे सुमारे १,५०० माणसे आजारी पडली आणि सुमारे १५० दगावली. १९२७ साली न्यूयॉर्क बंदरातले शेवटचे थरही बंद करण्यात आले.

बंदी योग्यच होती, माणसे मरत होती. पण शिक्षा कोणाला झाली ते पाहा. गटारे सोडणाऱ्या शहराचे नाक शाबूत राहिले आणि सँडी ग्राउंडच्या माणसाची होडी किनाऱ्याला लागली. ज्याच्याजवळ पैसा होता तो दूरच्या स्वच्छ खाड्यांतली कालवे मागवून खाऊ लागला. हमालाचे सहा सेंटांचे ताट मात्र कायमचे गेले. कालव हे श्रीमंतांचे खाणे आहे असे आज आपण समजतो. खरे पाहता कालव तेच आहे, महाग झाले ते स्वच्छ पाणी.

१९७२ साली अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला आणि बंदर हळूहळू निवळू लागले. २०१४ पासून तिथे एक संस्था शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन बंदरात पुन्हा कालवे वाढवीत आहे. २०३५ पर्यंत शंभर कोटी, असा तिचा संकल्प आहे. ही कालवे खायची नाहीत, कारण जोराचा पाऊस झाला की गटारांचे पाणी अजूनही बंदरात उतरते. ती पाणी गाळण्यासाठी आणि इतर जीवांना आसरा देण्यासाठी आहेत. ज्या मुलांनी ती वाढवली, त्यांना त्यांची चव घेता येत नाही.

मित्रहो, शहराचा कारभार कसा आहे हे पाहायला पुष्कळ अहवाल निघतात. माझी कसोटी साधी आहे. त्या शहराच्या पाण्यातले ताजे खाणे तिथल्या हमालाला निर्धास्तपणे, त्याच्या खिशाला परवडेल अशा दरात खाता येते काय? न्यूयॉर्कमध्ये एके काळी येत होते. आपल्या खाड्यांच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आपल्या नगरपालिकेला एकदा तरी विचारावा.